आमच्याकडे असला काय नसता

कोकणातला खून, कोकणातली फसवणूक, कोकणातली जमिनीची लबाडी पडद्यावर येणार म्हटलं की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली, 'ही कोकणची बदनामी आहे.' दुसरी, 'आमच्याकडे असला काय नसता', म्हणजे असलं काही आमच्याकडे होतच नाही. दुसरं वाक्य बोलणाऱ्याचा स्वतःचा भावकीतला दावा बहुधा दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं तारखा खात पडलेला असतो, पण ते त्याला त्या क्षणी आठवत नाही.

२०१६ साली झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा हे दोन्ही सूर भरपूर ऐकू आले. मालिका अंधश्रद्धा पसरवते, असा एक आक्षेप होता. कोकणी माणूस म्हणजे भुतं आणि करणी, अशी प्रतिमा तयार होते, असा दुसरा. पहिल्यात तथ्य आहे, त्याकडे येतोच. दुसऱ्याचं मात्र पुढे गमतीदार झालं. ज्या आकेरी गावातल्या घरात मालिकेचं चित्रीकरण चालायचं ते घर बघायला सावंतवाडीच्या बाजूला पर्यटकांच्या गाड्या वळायला लागल्या. वाड्यासमोर उभं राहून फोटो काढणं हा मालवणच्या किल्ल्यानंतरचा कार्यक्रम झाला. बदनामी झाली असेल तर ती बरीच उत्पन्न देणारी होती.

माझं म्हणणं असं की कोकणातल्या गुन्ह्यांवर एक चांगली ब्लॅक कॉमेडी, म्हणजे खून-फसवणुकीतूनही हसू काढणारी मालिका व्हायला हवी, आणि ती होऊ देण्याइतकी आपली कातडी जाड हवी. साहित्य आपल्याकडे ढिगाने पडलंय. बोलायची तिरकी रीत तर पिढीजात आहे. अडतं ते बदनामीच्या भीतीपाशी. तिच्यामुळेच लेखक माणसाला सोडून भुताच्या मागे लागतात, असं मला वाटतं.

हे सुचायला निमित्त 'फार्गो' या अमेरिकन मालिकेचा दुसरा सीझन. २०१५च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात एफएक्स वाहिनीवर आलेले दहा भाग. नोआ हॉली या लेखकाने कोएन बंधू या दिग्दर्शकांच्या १९९६च्या चित्रपटाचं नाव, बर्फ आणि बोलण्याची ढब घेतली आणि आत स्वतःची गोष्ट रचली. पहिल्या सीझनमध्ये लू सॉल्व्हरसन हा म्हातारा माजी पोलिस खाण्याचं छोटं हॉटेल चालवत असतो आणि १९७९ साली सू फॉल्स या शहरात जे झालं त्याचा अधूनमधून उल्लेख करतो. दुसरा सीझन मागे जाऊन तेच सांगतो.

गाव लुव्हर्न, मिनेसोटा राज्यातलं, सगळे सगळ्यांना ओळखतात एवढंच. पेगी ब्लमक्विस्ट पार्लरमध्ये लोकांचे केस कापते. नवरा एड खाटकाच्या दुकानात कामाला. त्याला ते दुकान विकत घ्यायचंय, मुलं हवीत, संसार मोठा करायचाय. तिला स्वतःला घडवण्याच्या एका शिबिराला जायचंय. पैसे एकाच गोष्टीपुरते. एका रात्री तिच्या गाडीसमोर एक माणूस येतो. हा राय गेरहार्ट, गुंडांच्या घराण्यातला धाकटा मुलगा, नुकताच रस्त्याकडेच्या हॉटेलात तिघांना मारून बाहेर पडलाय. धडकेने तो समोरची काच फोडून अर्धा गाडीत आलेला आहे आणि अजून जिवंत आहे. पेगी इस्पितळात जात नाही, पोलिसांकडेही नाही. तो तसाच काचेत अडकलेला, आणि ती गाडी हाकत घरी येते, गॅरेजचं दार लावते आणि नवऱ्याच्या जेवणाच्या तयारीला लागते.

हसू येतं ते इथे, आणि ते आल्याची लाजही वाटते. कारण पेगी राक्षसीण नाही. तिला फक्त आजचा दिवस बिघडू द्यायचा नाहीये. पुढे गॅरेजमध्ये झटापट होते, एडच्या हातून राय मरतो, आणि प्रेत नाहीसं करायला एड ते रात्री दुकानात नेतो आणि मांस दळायच्या यंत्राला लावतो. तेवढ्यात दार वाजतं. बाहेर तरुण लू, वर्दीत, ओळखीचा. फरशीवर एक तुटलेलं बोट पडलंय. दोघेही शेजारधर्माने दोन शब्द बोलतात. एडचा घाम, लूचा अदबशीर आवाज, ते बोट. अर्धा मिनिट आपण मनोमन खुन्याच्या बाजूने असतो, बोट दिसू नये म्हणून.

मिनेसोटाच्या लोकांचा भिडस्त गोडवा अमेरिकेत प्रसिद्ध आहे. कोणी पायावर पाय दिला तरी आपणच माफी मागायची, अशी रीत. मालिकेची सगळी गंमत त्या गोडव्याखाली काय दडतं यात आहे. आता आपल्याकडे या. 'येवा, कोकण आपलाच आसा' असं पाटीवर लिहिणारा प्रदेश आपला. चहा घेतल्याशिवाय पाहुण्याला सोडत नाहीत, आणि त्याच ओटीवर बसून चुलत्याच्या हिश्शाचं काय करायचं ते ठरतं.

तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेरची चहाची टपरी ज्याने पाहिली नाही त्याला कोकणातला गुन्हा समजणार नाही. सकाळी दहाला तिथे पांढरी गाडी येऊन लागते. एजंट उतरतो, हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात सातबारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला. सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं. त्यातली निम्मी मयत, काही मुंबईला, एकजण कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. वारस तपास कधी झालेलाच नाही. मग परळ-लालबागहून कुलमुखत्यारपत्रं मागवली जातात. म्हातारी काकी रिक्षातून आणलेली असते, तिला बाकावर बसवून शहाळं पाजतात. ती विचारते, 'कसलो कागद हा?' पुतण्या म्हणतो, 'सय करून टाक गो, जीव थोडोच जाता!' आणि ती अंगठा देते, कारण पुतण्या गुणी आहे, गणपतीला दर वर्षी येतो, येताना तिला साडी आणतो.

इथे कोणी पिस्तूल काढलेलं नाही. आवाजही चढलेला नाही. सगळे एकमेकांना नातं लावून हाक मारतायत. शेतजमीन विकत घ्यायला महाराष्ट्रात घेणारा शेतकरी असावा लागतो. समोरच्या पार्टीचा शेतकरी असल्याचा दाखला कुठून आला, हे विचारायची पद्धत नाही. दुपारी सगळे मिळून खानावळीत मासे खातात. संध्याकाळी काकीला घरी सोडतात, आणि पुढच्या पावसाआधी तिच्या परसवाला जांभ्या दगडाचं नवं कुंपण पडतं. तिला कळतं ते तेव्हा.

मला यात दहा भागांची मालिका दिसते. पण लेखकाने ही गोष्ट वाहिनीकडे नेली तर त्याला विचारतात, 'यात भूत कुठे आहे?'

गेरहार्ट घराण्याचं दुसरं सूत्र आपल्याला आणखी जवळचं आहे. फार्गो शहरातलं हे गुंडांचं कुटुंब म्हणजे घरचाच धंदा. बाप ऑटो पक्षाघाताने आडवा होतो. आई फ्लॉइड सूत्रं हातात घेते, थोरल्या मुलाला ते सहन होत नाही. आणि त्याच वेळी कॅन्सस सिटीची मोठी टोळी त्यांच्याकडे येते ती गोळ्या झाडत नाही, प्रस्ताव घेऊन येते. धंदा आम्हाला विका, तुम्ही पगारावर राहा. टोळीयुद्ध सुरू होतं ते ताळेबंदातून. शेवटी कॅन्सस सिटीचा माइक मिलिगन, ऐटबाज, कवितेच्या सुरात बोलणारा, युद्ध जिंकून मुख्यालयात बक्षिसाच्या अपेक्षेने जातो. त्याला मिळते एक लहानशी खोली, टेबल आणि विजेवर चालणारा टाइपरायटर. केस काप, साधा सूट घाल, नफातोटा बघ, असं त्याला सांगितलं जातं. राय गेरहार्टने पहिल्या भागात जे खून केले त्यांच्या मुळाशीही विजेच्या टाइपरायटरचाच एक फुसका धंदा होता. दहा भागांत मारली गेलेली एवढी माणसं शेवटी हिशेबाच्या टेबलाशी येऊन थांबतात, आणि हसता हसता घशाला कोरड पडते.

आता हेच कोकणपट्टीवर बघा. कुळकायदा १९४८चा. खोतीही पुढच्या दोनेक वर्षांत कायद्याने गेली. जमीन कसणाऱ्याकडे आली, मग भावांत वाटली, मग पुतण्यांत, आणि सातबाऱ्यावरची नावं वाढत गेली. मिलच्या पगारावर मुंबईतून मनीऑर्डर येत होती तोवर त्या जमिनीकडे कोणी पैशाच्या नजरेने बघितलं नाही. मग एखादा प्रकल्प येणार अशी कुजबुज होते. रिफायनरी नाणारला येणार, नाही येणार. २०१९ला तिथला प्रकल्प रद्द होतो. मग बारसूचं नाव येतं, २०२३च्या एप्रिलमध्ये सड्यावर, म्हणजे तिथल्या कातळाच्या माळावर, माती परीक्षणाला गाड्या येतात आणि बाया रस्त्यावर आडव्या झोपतात. मी रिफायनरीच्या बाजूने की विरुद्ध, हा या लेखाचा विषय नाही. पण कुजबुजीच्या आधी कोणाला काय कळलं, कोणी किती गुंठे घेतले, कोणाच्या नावावर घेतले, या प्रश्नांवर गावोगावच्या टपऱ्यांवर जे बोललं जातं ते कोणत्याही कथालेखकाला पुरून उरेल. मुंबईहून आलेल्या कंपनीचा माणूस कॅन्सस सिटीवाल्यांइतकाच सौजन्याने बोलतो. त्याच्याकडेही स्लाइड असतात. गावचा जुना दादा, ज्याने आयुष्यभर वाळूच्या होड्या आणि निवडणुका सांभाळल्या, त्याला अचानक कळतं की आपण आता यांचे साइट सुपरवायझर. ही शोकांतिका आहे आणि ती भयंकर विनोदीही आहे.

फ्लॉइडवरून आठवलं. आपल्या पडद्यावर कोकणातली बाई एक तर सोशिक आई असते, नाही तर 'रात्रीस खेळ चाले'तल्या शेवंतासारखी भुरळ घालणारी. बाप्ये मुंबईला, घर-शेत-कोर्ट सगळं बाईने सांभाळायचं, अशा पिढ्या इथे गेल्या. २०११च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११००हून अधिक स्त्रिया होत्या. तारखेला वकिलाकडे जाणारी, मंडळ अधिकाऱ्याशी भांडणारी, हद्दीचा गडगा, म्हणजे दगडी बांध, कोणी हातभर सरकवलाय ते काठीने मोजणारी बाई मी दर गावात बघितलीय. 'फार्गो'त पोलिसांना गुन्ह्याची उकल सुचवते ती लूची बायको बेट्सी, कॅन्सरने आजारी, केस कापायला खुर्चीत बसलेली. गोळ्या झाडणारा रस्त्यावर आला असेल, त्याला गाडीने उडवलं असेल, असं ती सहज बोलून जाते. तिथेच पेगी कात्री हातात घेऊन उभी. सगळ्या मालिकेतला मला सर्वांत आवडलेला प्रसंग तो, आणि तो आपल्याकडे विहिरीवर, रेशनच्या रांगेत किंवा बचत गटाच्या बैठकीत जसाच्या तसा घडू शकतो.

भुताचा मुद्दा टाळणार नाही असं म्हटलं होतं. 'फार्गो'च्या दुसऱ्या सीझनमध्ये उडती तबकडी आहे. राय गेरहार्ट रस्त्यात उभा राहून आकाशातले दिवे बघत असतो म्हणून पेगीच्या गाडीखाली येतो. शेवटाकडे सू फॉल्सच्या मोटेलमध्ये गोळीबार चालू असताना तबकडी पुन्हा डोक्यावर येते, आणि लूचा गळा दाबणारा माणूस वर बघायला थांबतो म्हणून लू वाचतो. ती काय होती, कुठून आली, कोणी सांगत नाही. पेगी तर नवऱ्याला म्हणते की ती नुसती तबकडी आहे, आपल्याला निघायला हवं. अनेक प्रेक्षकांना हे खटकलं. मला वाटतं, इथेच लेखकाची अक्कल दिसते. अघटित येऊन जातं, पण जबाबदारी त्याच्यावर जात नाही. तबकडीने रायला रस्त्यात थांबवलं असेल. जखमी माणसाला काचेत ठेवून घरी गाडी हाकली ती पेगीनेच.

आपल्या मालिकांत नेमकं उलटं होतं. भूत येतं आणि सगळ्यांचे गुन्हे स्वतःच्या अंगावर घेऊन जातं. भाऊबंदकीत विष घातलं कोणी, तर करणीने. सून विहिरीत पडली कशी, तर झपाटल्यामुळे. अंधश्रद्धेचा आक्षेप मला या अंगाने रास्त वाटतो. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. त्या राज्यात खुनाचं खापर रोज रात्री देवचारावर, म्हणजे आमच्याकडच्या भुतावर, फोडणं हे नुसतं अशास्त्रीय नाही, खुन्याची सोय करणारं आहे. देवचार, चाळ्यासारखी भुतं, रवळनाथ या ग्रामदेवाचा कौल हे सगळं आमच्या जगण्यात आहे, ते पडद्यावर यावं. भावाविरुद्ध देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणारा माणूस त्याच दिवशी पोलिस ठाण्यात एन.सी., म्हणजे अदखलपात्र तक्रार, पण नोंदवतो, दोन्हीकडची पावती जपून ठेवतो. ते असंच, तबकडीसारखं यावं. बघितलं, हात जोडले, आणि माणसं पुन्हा आपल्या उद्योगाला लागली.

'रात्रीस खेळ चाले'ला हे दुसऱ्या खेपेस बरंचसं उमगलं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. २०१९च्या जानेवारीत तिचा दुसरा भाग आला तो 'फार्गो'सारखाच मागे गेला, अण्णा नाईक जिवंत असतानाच्या काळात. आणि कळलं की वाड्यातलं भय भुतांचं नव्हतंच. ते एका जमीनदाराचं होतं, ज्याला दुसऱ्याची जमीन, दुसऱ्याची बायको आणि दुसऱ्याचा जीव यात फारसा फरक वाटत नव्हता. माधव अभ्यंकरांनी रंगवलेला अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता लोकांच्या तोंडी झाली ती याच कारणाने. भीती वाटायची आणि हसू यायचं, त्यात विसराळू पांडूचं 'इसारलंय' होतंच. २०२१च्या तिसऱ्या भागात मेलेले पुन्हा फिरायला लागले आणि माझा रस संपला.

अर्थात रोज रात्रीची मालिका आणि दहा भागांचा सीझन यांची तुलना थोडी अन्यायाची आहे. रोजच्या मालिकेला शेवट कुठे आहे हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं. टीआरपी असेपर्यंत ओढायचं. ब्लॅक कॉमेडीला मात्र शेवट आधी ठरलेला लागतो, कारण पहिल्या भागातल्या टाइपरायटरचं दहाव्या भागात काय होणार ते ठाऊक असल्याशिवाय तो मांडताच येत नाही. म्हणून ही मालिका वाहिनीवर नाही, ओटीटीवरच होईल. असो.

बदनामीवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलली पाहिजे. आमच्या बोलीला हसायची सवय मुंबई-पुण्याला जुनी आहे. मालवणी बोलणारा म्हणजे नोकर, गडी, बावळट किंवा मासे खाणारा भांडखोर. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण' हजारो प्रयोगांनी गाजवून मालवणीला व्यावसायिक रंगभूमीवर ताठ उभं केलं, पण पुढच्या कित्येक लेखकांनी त्यातून बोलीची फोडणी तेवढी उचलली. मिनेसोटातही त्या १९९६च्या चित्रपटानंतर 'आम्ही असं बोलत नाही' अशी कुरकुर झालीच होती. फरक इतका की 'फार्गो'त सगळेच त्या सुरात बोलतात. हुशार पोलिस, मूर्ख गुंड, मरणारी बायको, सगळे. तिथे हेलामुळे कोणी खालचा ठरत नाही. आपल्याकडे तपास करणारा इन्स्पेक्टर पुणेरी बोलणार, नायिका प्रमाण मराठी बोलणार आणि फक्त तलाठी 'काय ता' म्हणणार असेल, तर त्या मालिकेविरुद्ध मोर्चात मीही येईन. न्यायाधीशाने मालवणीत बोलावं. हुशारीने, थंडपणे, मालवणीत.

आणखी एक अडचण आहे आणि ती मला जास्त गंभीर वाटते. 'फार्गो'चा प्रत्येक भाग एका पाटीने सुरू होतो: ही सत्यकथा आहे, वाचलेल्यांच्या विनंतीवरून नावं बदलली आहेत, मेलेल्यांच्या आदरापोटी बाकी सगळं जसंच्या तसं सांगितलं आहे. ही पाटी धादांत खोटी आहे. सगळं रचलेलं. ती लेखकाची थट्टा आहे, आणि हजारो मैल पसरलेल्या देशात ती खपते. सिंधुदुर्गात नाही खपणार. इथे नावं बदलून काय होणार? घराचा उतार, विहिरीची जागा, पात्राचा लंगडा पाय एवढं दिसलं की अर्धा तालुका सांगेल हा कोणाचा कोण. १९८१मध्ये रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा म्हणजे लोकांच्या ओळखीपाळखीचं एक मोठं आवाटच, म्हणजे वाडीच.

शिवाय काही मरणं अजून ताजी आहेत. ६ फेब्रुवारी २०२३ला राजापुरात पत्रकार शशिकांत वारिसे यांच्या दुचाकीला एका गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. रिफायनरीच्या वादातली त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. पुढे खुनाचा गुन्हा दाखल झाला. गाडी, धडक, छोटं गाव. मालिकेच्या धंद्यातल्या कोणाच्याही डोळ्यांत चमक येईल असा ऐवज. त्यावर विनोदी मालिका करायला माझा सरळ नकार आहे. त्या घरातली माणसं आजही तिथेच राहतात. आपल्या मालिकेने सत्यकथेची पाटी लावू नये, खरंच लावू नये. प्रसंग रचावेत, माणसं रचावीत, आणि रचलेत हे कबूल करावं.

पण म्हणून विषयच सोडून द्यायचा का? मेलेल्या माणसावर हसण्याची गरजच नसते. 'फार्गो'त शेवटी पेगी पोलिसांच्या गाडीत मागे बसून लूला सांगत राहते की बाईने सगळं करायचं, घरही सांभाळायचं आणि नोकरीही, आणि वर तक्रार करायची नाही. तिचं म्हणणं खोटं नाही. लू ऐकून घेतो आणि इतकंच म्हणतो की माणसं मेलीत, पेगी. तिथे हसणं थांबतं. दहा भाग ज्या विनोदावर चालले तो कोणावर होता ते तेव्हा कळतं. तो मेलेल्यांवर नव्हताच. जिवंत राहिलेल्यांच्या सबबींवर होता. आमच्याकडे सबबींचा तुटवडा नाही. खुनाच्या दुसऱ्या दिवशी टपरीवर 'आपणाक काय करूचा हा' म्हणून चहाचा दुसरा कप मागवणारा माणूस मला पडद्यावर हवा आहे. त्याला बघून मी हसेन, आणि मग माझ्या लक्षात येईल की त्या टपरीवर मीही होतो.

बोलीतल्या लोकांना हा विनोद नवा नाही, म्हणूनच बदनामीची हाकाटी मला जास्त विचित्र वाटते. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. रात्री पालखी फिरून आली की देवळासमोर दशावतार उभा राहतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन गेले की काळ्या वेशात संकासुर येतो. वेद चोरणारा राक्षस, म्हणजे गुन्हेगारच. पण तो सूत्रधाराशी मालवणीत जी हुज्जत घालतो तिला म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे खदखदून हसतात. गावातली भानगड, कमिटीचा हिशेब, पुढाऱ्याची नवी गाडी, सगळं त्याच्या तोंडून निघतं. ज्याच्यावर निघतं तोही पहिल्या रांगेत बसून हसतो, निदान हसल्यासारखं करतो. मग विष्णू येऊन त्याला मारतो. देवाच्या दारात, शेकडो वर्षं, गुन्हेगाराच्या तोंडून गावाची उणीदुणी ऐकून घेणारे आपण, आणि तेच टीव्हीवर आलं की निवेदन घेऊन तहसीलदारांकडे जाणार?

निवेदन देणाऱ्यांत एक समान धागा असतो, तोही सांगून टाकतो. ते बहुतेक मुंबईत राहतात. गाव त्यांच्यासाठी गणपती, आंबे आणि लहानपण आहे, आणि त्यावर डाग पडलेला त्यांना सोसत नाही. हे प्रेम खरं आहे, मी त्याची टिंगल करत नाही. पण गावात बारा महिने राहणाऱ्याला गाव असं गोड गोड परवडत नाही. त्याला तलाठ्याकडे खेपा घालायच्या असतात, चुलतभावाच्या कुत्र्यापासून कोंबड्या वाचवायच्या असतात, हद्दीवरच्या फणसाचे फणस कोणी काढायचे यावर दर मे महिन्यात नवा तह करायचा असतो. माझ्या ओळखीचा एकही बारमाही गाववाला बदनामीच्या निवेदनावर सही करायला उत्साहाने गेलेला नाही. त्याला सहीची भीती असते, ती वेगळ्या कारणाने.

लिहिणारे आहेत. मालवणीत लिहिणारी पोरं मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे तुकडे करतायत, त्यातल्या काहींना संवादाचा असा कान आहे की ऐकत राहावं. त्यांना दोन मिनिटांऐवजी दहा तास देणारा निर्माता हवा. खर्च फार नाही. बर्फ पाडायचा नाही, पाऊस फुकट पडतो. जागा लागेल ती एका जुन्या चिरेबंदी घराची, पुढे खळं, मागे विहीर, बाजूला वादातला फणस. असं घर शूटिंगला भाड्याने घ्यायचं तर सातबाऱ्यावरच्या आणि घरपट्टीवरच्या सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती लागेल, मुंबईतल्या धरून. ती मिळवायला माणूस पाठवावा, मागे कॅमेरा लावावा, आणि पहिला भाग तिथूनच सुरू करावा.